घोरपडेबाईंची भीती

घोरपडेबाई कुठल्याही बिघडलेल्या यंत्रासमोर पहिल्यांदा उभ्या राहायच्या तेव्हा दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायच्या. वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. मग मान पुढे काढून, चष्म्याच्या वरून, खालून, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने त्या यंत्राकडे बघत राहायच्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भोवतालची माणसं चुळबुळायला लागायची. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "हात मोकळे सोडले की आगाऊपणा करतात. आधी डोळ्यांचं होऊ दे."

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं तेही असंच, पाठमोरं. चंदिगढला आमची बदली होऊन दोनच महिने झाले होते. माझे यजमान श्रीधर युनिव्हर्सिटीत भूगर्भशास्त्र शिकवायला आले होते आणि मी माझ्या खात्याकडे अर्ज-विनंत्या करून त्यांच्या मागोमाग आले होते. मराठी मंडळाचा गणपती होता. आरतीची वेळ झालेली आणि लाऊडस्पीकरमधून घूं घूं असा आवाज थांबेना. चार-पाच पुरुष ॲम्प्लिफायरच्या भोवती जमले होते. एकजण वायर हलवत होता, एकजण वरून चापट्या मारत होता. त्यांच्या मागे एक ठेंगणी, सावळी बाई हात मागे बांधून उभी. ती ॲम्प्लिफायरकडे बघतच नव्हती. भिंतीकडे बघत होती.

"ही दिव्यांची माळ कधी लावली?" तिने विचारलं.

"आज सकाळी."

"आणि हा आवाज कधीपासून येतोय?"

चापट्या मारणारे गृहस्थ थांबले. "सकाळपासूनच."

माइकची वायर आणि माळेची वायर एकाच खिळ्यावरून गुंडाळून आणलेली होती. बाईंनी माइकची वायर सोडवून दोन हात लांब नेली. घूं घूं थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आरती सुरू झाली. मी शेजारी होते म्हणून मला दिसलं, बाईंच्या वरच्या ओठावर घाम होता आणि चेहरा उतरला होता. मी पाण्याचा पेला पुढे केला. पाणी पिऊन त्या हळूच म्हणाल्या, "मला लई भीती वाटते हो असल्या कामाची."

मला वाटलं, गंमत करतायत. ती गंमत नव्हती हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

बाई मूळच्या कोल्हापूरच्या. एका सरकारी खात्याच्या उपकरण विभागात होत्या. इतर लोक "होणार नाही" म्हणून बाजूला ठेवायचे ती यंत्रं शेवटी त्यांच्या टेबलावर यायची. चंदिगढमध्ये वीस-बावीस वर्षं काढूनही त्यांची भाषा जराही हलली नव्हती. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं त्या स्वतःबद्दल "मी येतो, मी बघतो" असंच बोलायच्या. त्यांच्या ऑफिसातल्या पंजाबी मंडळींना 'घो' जमत नसे, ते त्यांना "कोरपडे मॅडम" म्हणायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं. "हाक मारल्यावर मी वळतो ना, मग झालं की."

लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. स्कूटरवर पुरुषी मापाचं भलंमोठं हेल्मेट घालून फिरायच्या आणि इतक्या सावकाश चालवायच्या की सायकलवाले पुढे जायचे. गोल चौकात शिरल्यावर बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर घुसायच्या नाहीत, आणखी एक फेरी मारायच्या. एकदा मी मागे बसले होते, आम्ही तीन फेऱ्या मारल्या. पर्समध्ये कायम गुळाची डबी. मशीन उघडण्याआधी स्वतः एक खडा तोंडात टाकायच्या आणि खोलीत असतील तेवढ्यांना द्यायच्या. कुणी मधुमेहाचं कारण सांगितलं तर वासापुरता तरी घ्या म्हणायच्या.

भीतीचं खरं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. आमच्या स्वयंपाकघरात मी दुधी चिरत होते आणि त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "सुरी जरा लांब धरा हो वहिनी." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या एका छोट्या कारखान्यात होत्या. पत्रा कापायचं एक मशीन बंद पडलं होतं आणि मालक मागे घड्याळ घेऊन उभा होता. बाईंनी दोष शोधला, वायर जोडली आणि मालक "झालं का, झालं का" म्हणत होता म्हणून बटण दाबलं. पलीकडच्या बाजूने महादू नावाचा कामगार आत अडकलेली पट्टी काढत होता. त्याची दोन बोटं गेली.

"मला तो कधीच काही बोलला न्हाई," बाई म्हणाल्या. "बोलला असता तर बरं झालं असतं. तवापासून मी बटण दाबायच्या आधी भितो. आणि ती भीती मी जपून ठेवलीय. ती गेली तर मी कुणाचं तरी काहीतरी घालवणार."

मी दुधी तसाच ठेवला आणि चहा टाकला. दुसरं काय करणार होते?

श्रीधरांचा आजार सुरू झाला तो हातापासून. आधी शर्टाची बटणं लागेनात, मग फळ्यावर खडू धरवेना. मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या नसा एकेक करून निकामी होत जातात आणि त्यावर औषध नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं तेव्हा श्रीधरांनी शांतपणे "किती वेळ?" एवढंच विचारलं. दुसऱ्या वर्षी बोलणं जड व्हायला लागलं. शब्द तोंडात घोळायचे, एकेक अक्षर ओढून काढावं लागायचं.

त्या काळात मला एक गोष्ट दिसली. लोक चांगले होते, मनापासून यायचे, पण श्रीधरांना वाक्य पुरं करू द्यायचे नाहीत. त्यांनी "मला" म्हटलं की कुणीतरी "पाणी हवं?" म्हणायचं. मीही तेच करायला लागले होते. आपण त्यांचे कष्ट वाचवतोय असं मला वाटायचं.

एका रविवारी घरात पाच-सहा माणसं होती. श्रीधरांनी "आज" म्हटलं. कुणीतरी म्हणालं, "हो ना, आज काय उकडतंय." त्यांनी पुन्हा "आज" म्हटलं. मी म्हटलं, "आज औषध दिलंय, सगळं दिलंय." त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पोह्यांची बशी घेऊन बाई आल्या, त्यांच्या समोरच्या वेताच्या बुटक्या मोड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "सर काहीतरी सांगत होते." मग बशी मांडीवर ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. कुणी मध्ये बोलायला लागलं तर नुसता तळहात वर करायच्या. किती वेळ गेला कोण जाणे. पोहे गार झाले. श्रीधर म्हणाले, "आज. इराचा. वाढदिवस."

इरा आमची एकुलती एक मुलगी. आयटी पार्कमध्ये नोकरी करते. त्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर नाश्ता करून, काही न बोलता तिच्या खोलीत गेली होती. डॉक्टरांच्या तारखा, गोळ्यांच्या वेळा सगळं माझ्या डोक्यात होतं. मुलीचा वाढदिवस नव्हता. मी उठून तिच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा बाई श्रीधरांना विचारत होत्या, "कितवा हो, सर?" आणि पुन्हा थांबून राहिल्या होत्या.

आवाज पूर्ण गेला तेव्हा डोळ्यांनी लिहायचं यंत्र घरात आलं. मॉनिटरच्या खाली एक छोटा कॅमेरा असतो, तो डोळ्यांकडे बघतो. पडद्यावर अक्षरं मांडलेली असतात. ज्या अक्षरावर नजर थांबेल ते उमटतं. वाक्य झालं की कॉम्प्युटर ते मोठ्याने वाचतो. आवाज कुणा भलत्याच माणसाचा होता, 'ळ'वर हटकून अडखळायचा, पण वाक्यं श्रीधरांची होती. दोन वर्षं आमचं घर त्या आवाजावर चाललं. इराशी त्यांची भांडणंही त्याच आवाजात झाली. ती हिंदीत तणतणायची आणि यंत्र मराठीत तिला उत्तर द्यायचं.

तो कॉम्प्युटर जुना होता, सात-आठ वर्षांपूर्वी इराच्या कॉलेजसाठी सुटे भाग जोडून बनवून घेतलेला. त्या मे महिन्यात त्याच्या पडद्यावर रंगीत पट्टे यायला लागले. आधी दिवसातून एकदा, मग तासातून एकदा. पट्टे आले की सगळं थिजायचं आणि लिहिलेलं जायचं. इराने तपासून सांगितलं की पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड खराब होत चाललंय, नवीन बसवू, अर्ध्या तासाचं काम आहे.

एरवी थोडं थांबलं असतं तर चाललं असतं. पण त्या सोमवारी डॉक्टरांसमोर बसायचं होतं. श्रीधरांचा श्वास कमी पडायला लागला होता, मास्क लावून श्वासाचं मशीन चालू असायचं. गळ्याला छिद्र पाडून कायमची नळी बसवायची की नाही, हे ठरवायचं होतं. 'हो' आणि 'नाही' ते डोळ्यांनीही सांगू शकत होते. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही. पण त्यांना ते तसं सांगायचं नव्हतं. आठवडाभर ते एक पत्र लिहीत होते, डॉक्टरांसाठी आणि आमच्यासाठी. ते अर्धंच झालं होतं. मला त्यातलं काही वाचू दिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी इराने नवीन कार्ड बसवलं. बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

"पंखे तो चल रहे हैं, मम्मा," इरा म्हणाली. तिने बंद करून पुन्हा चालू केलं. आतून एक लांब आणि मागोमाग तीन छोट्या शिट्ट्या आल्या आणि पुन्हा काळं. तिने कार्ड काढलं, घातलं. केबल बदलली. तासाभराने तिने जुनं कार्ड परत बसवलं, तेव्हा पडदा उजळला आणि दहा मिनिटांत पट्टे येऊन थिजला. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली. "मैंने पापा का सब बिगाड़ दिया," म्हणाली. श्रीधर आमच्याकडे बघत होते. त्यांना काही म्हणायचं होतं हे दिसत होतं. मी यंत्र बंद असलं की वापरायचा तो अक्षरांचा तक्ता आणायला उठले, पण इरा खोलीतून निघून गेली होती.

मी घोरपडेबाईंना फोन केला. मला लाज वाटत होती, कारण गुरुवारी त्या निवृत्त होणार होत्या आणि शुक्रवारी कायमच्या कोल्हापूरला निघणार होत्या. घरभर खोकी बांधून झाली होती. "मी येतो," एवढंच म्हणाल्या.

आल्या, आधी श्रीधरांजवळ गेल्या. "सर, मी बघतो. पण वेळ लावणार. चालेल?" श्रीधरांनी वर बघितलं. मग त्या कॉम्प्युटरपुढे उभ्या राहिल्या, हात मागे बांधून. इरा दारात उभी होती. मी घड्याळाकडे बघत होते आणि या बाई नुसत्या उभ्या. शेवटी त्यांनी इराला बोलावलं, गुळाचा खडा दिला आणि विचारलं, "तू काय काय केलंस ते ओळीने सांग. चुकलं काय ते नको, केलं काय ते सांग."

इराने सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, मग एकेक गोष्ट स्वतः पुन्हा केली. कार्डाची खाच नीट 'टक' वाजेपर्यंत बसते का. कार्डाला वेगळी वीज देणारी वायर लागलीय का. मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीय ना. वीजपुरवठ्याच्या डब्यावरची बारीक अक्षरं टॉर्च धरून वाचली, कार्डाला पुरेल एवढी ताकद होती. प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलने 'ही इथली' असं लिहिलं. सगळं ठीक होतं आणि पडदा काळा होता. बाईंनी नवीन कार्ड पिशवीत घातलं आणि घरी गेल्या. तिथे त्यांनी बांधलेलं खोकं फोडून स्वतःचा कॉम्प्युटर बाहेर काढला आणि कार्ड त्यात लावून बघितलं. फोन आला, "कार्ड चांगलं हाय. तुमचं मशीनही चांगलं हाय. दोघांची ओळख न्हाई, एवढंच. उद्या येतो."

रविवारी त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. मदरबोर्डमध्ये एक छोटा मूळ प्रोग्राम असतो, मशीन जागं झाल्यावर कोण कोण जोडलंय ते तो ओळखतो. आमच्या मशीनमधला इतका जुना होता की त्याला नवीन कार्ड ओळखू येत नव्हतं. तो बदलता येतो, पण बदलण्यासाठी पडदा दिसायला हवा, म्हणजे जुनं कार्डच लावायला हवं. बदलायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात मशीन थिजलं किंवा वीज गेली तर मदरबोर्ड कामातून जातो. मग दुसरा कॉम्प्युटर, आणि डोळ्यांचं सॉफ्टवेअर त्यावर चढवायला परदेशी कंपनीची परवानगी. त्याला काही आठवडे लागतात.

"आंटी, और कोई रास्ता नहीं?" इराने विचारलं.

"मला तरी दिसत न्हाई. हे न करता सोमवारी तक्त्यावर भागवायचं, हा एक हाय."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही म्हणाल तसं करू."

"मी कोण म्हणणार?" त्या म्हणाल्या आणि श्रीधरांच्या समोर मोडा ओढून बसल्या. पुन्हा सगळं सांगितलं, काही न लपवता. "जुनं कार्ड दगा देऊ शकतं, सर. आभाळ पण पिवळं झालंय, आंधी येणार. मला भीती वाटते. करू का नको, तुम्ही सांगा."

श्रीधरांनी वर बघितलं. मग नजर तक्त्याकडे नेली. म्हणजे आणखी काही सांगायचं होतं. बाईंनी तक्ता हातात घेतला. ओळ कुठली, अक्षर कुठलं, बोट सरकवत विचारत राहिल्या. आ. धी. च. हा.

श्रीधरांनी तोंडाने काही घ्यायला बंद होऊन वर्ष झालं होतं. पोटातल्या नळीतून त्यांचं सगळं चालायचं. चहा आमच्यासाठी होता. बाई हसल्या. म्हणाल्या, "बरोबर हाय. तेवढ्यात कार्डही गार होतंय."

मी चहा केला. बाईंनी आधीच जुनं कार्ड तीनदा चालवून, मनगटावरचं घड्याळ बघून लिहून ठेवलं होतं, पट्टे यायला चौदा मिनिटं, मग अकरा, मग नऊ. म्हणजे तापलं की लवकर जातं. पूर्ण गार असेल तर पाच मिनिटं निघायला हवी होती. आमचा यूपीएस श्वासाच्या मशीनला लावलेला होता, त्याला त्यांनी हात लावू दिला नाही. स्कूटरवर पायांमध्ये ठेवून त्यांनी स्वतःचा यूपीएस आणला होता. प्लग उपटून तो किती वेळ तग धरतो तेही बघून घेतलं.

इराने नवीन प्रोग्राम पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला होता. बाई म्हणाल्या, "त्याचं नाव वाच. एकेक अक्षर." इरा वाचत गेली, बाई टॉर्च धरून मदरबोर्डवर छापलेलं नाव बघत गेल्या. शेवटच्या अक्षराला थांबल्या. "पुन्हा वाच." इराने वाचलं. पुन्हा थांबल्या. बोर्डवर शेवटी एक अक्षर जास्त होतं. इराने जवळजवळ त्याच नावाच्या, पण दुसऱ्याच बोर्डाचा प्रोग्राम घेतला होता.

बाई एवढंच म्हणाल्या, "सारखंच दिसतं ते. म्हणून मोठ्याने वाचायचं असतं." दुसरा उतरवून घेतला, दोनदा वाचला.

चारच्या सुमारास त्यांनी सुरुवात केली. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली, शेजारी टक्के. श्वासाच्या मशीनचा आवाज तेवढा चालू होता. चाळीस टक्के झाले आणि खिडक्या धडाधड आपटल्या. बाहेर आंधी सुटली होती, धुळीने समोरची इमारत दिसेनाशी झाली. पंचावन्नला वीज गेली. दोन्ही यूपीएस एकदम ओरडायला लागले, एक श्रीधरांच्या श्वासाचा आणि एक कॉम्प्युटरचा. मी श्रीधरांच्या उशाशी धावले. त्यांचं मशीन चालू होतं. इकडे पडद्याच्या डाव्या कडेला एक बारीक हिरवी रेघ आली.

"आंटी, लाइन आ गई," इरा म्हणाली.

"बघतो मी."

एकाहत्तरवर पट्टी थांबली. हलेना. हिरव्या रेघेशेजारी दुसरी आली. दोन्ही यूपीएस ओरडतच होते. इराचा हात नकळत बटणाकडे गेला आणि बाईंनी तिचं मनगट धरलं. घट्ट नाही, नुसतं धरलं. "न्हाई. ते काम करतंय. करू दे." त्यांनी ते मनगट सोडलं नाही. मी श्रीधरांकडे बघितलं. ते पडद्याकडे नव्हे, त्या दोघींकडे बघत होते.

बहात्तर झालं. मग भराभर ऐंशी, नव्वद. पडदा एकदा काळा झाला, मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि साध्या पांढऱ्या अक्षरांत प्रोग्रामचा नवीन क्रमांक दिसला.

बाईंनी लगेच काही केलं नाही. वीज परत येईपर्यंत थांबायचं म्हणाल्या. एसी बंद, खोलीत धुळीचा वास, आम्ही सगळे घामाने निथळत होतो. पाऊण तासाने दिवे आले. आणखी दहा मिनिटं त्या थांबल्या, पुन्हा जातायत का ते बघायला. मग नवीन कार्ड बसवलं. टक. वायर. केबल. "सगळ्यांनी हात मागे घ्या," म्हणाल्या आणि स्वतः वाकून टेबलाच्या मागची, खालची बाजू बघून आल्या. मग इराला म्हणाल्या, "दाब."

पंखे फिरले. पडदा काळा. मी मनात आकडे मोजत होते, वीसपर्यंत गेले. मग उजेड आला.

कॅमेऱ्याला श्रीधरांचे डोळे पुन्हा ओळखू द्यायला थोडा वेळ गेला. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं तेव्हा आम्ही तिघी त्यांच्या मागे उभ्या होतो. यंत्राने वाचलं, "इरा, तू काहीही बिघडवलं नाहीस. हे काल सांगायचं होतं."

इराने तोंड भिंतीकडे केलं. बाईंनी हत्यारं पुसून पिशवीत भरली, श्रीधरांना "येतो, सर" म्हणाल्या आणि निघाल्या. जेवायला थांबा म्हटलं तर म्हणाल्या, खोकी पुन्हा बांधायचीत.

श्रीधरांनी त्या रात्री पत्र पुरं केलं आणि सोमवारी डॉक्टरांसमोर यंत्राने ते वाचून दाखवलं. त्यांना नळी नको होती. का नको ते त्यांनी दीड पानात सांगितलं होतं आणि त्यात आमच्यावर कुठलाच बोजा ठेवला नव्हता. त्याच दिवशी तपासण्यांसाठी त्यांना दाखल करून घेतलं, आम्ही शनिवारी घरी आलो. बाई शुक्रवारीच गेल्या होत्या. त्यानंतर कोल्हापूरहून त्यांचे आवाजी निरोप यायचे, ऊस, भावाची म्हैस, गुडघा. श्रीधर डोळ्यांनी लिहून उत्तर द्यायचे आणि बाई ऐकून घ्यायला मोकळ्या असायच्या. जानेवारीत श्रीधर गेले. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्या येऊ शकल्या नाहीत.

म्हणजे मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या रविवारी. त्या जिना उतरल्या तेव्हा मी बाल्कनीत धूळ झाडायला आले होते. आंधी थांबली होती. गुलमोहराची पानं-फुलं सगळ्या रस्त्यावर पसरली होती आणि बाईंच्या स्कूटरवर मातीचा थर होता. त्यांनी पिशवी हुकाला अडकवली, दोन पावलं बाजूला गेल्या, झाडाच्या बुंध्याला एक हात टेकवला आणि वाकून ओकल्या. एकदा, मग पुन्हा. सगळी दुपार त्या आमच्या समोर होत्या आणि मला एकदाही कळलं नव्हतं. मग त्या तिथेच फुटपाथच्या कडेला बसल्या, हेल्मेट मांडीवर घेऊन.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात इरा खाली दिसली, अनवाणी, हातात पाण्याची बाटली. तिने बाईंच्या ओंजळीत पाणी ओतलं, त्यांनी तोंड धुतलं. मग इराही त्या धुळीत त्यांच्या शेजारी बसली. दोघी काही बोलत होत्या की नव्हत्या, वरून कळत नव्हतं. मी नंतर इराला विचारलं नाही.

आतून यंत्राचा आवाज आला, "बाई गेल्या का?"

"नाही," मी म्हटलं. "अजून आहेत."